केसरआत्याला नळ खटकला

पडेगावात कुणाच्या पोरीची सोयरीक ठरायची असली की आधी केसरआत्याला बोलावणं यायचं. पोरगा काय करतो, नोकरी पक्की आहे का, शेत किती, हे सगळं बाकीच्यांनी विचारायचं. केसरबाईचं काम वेगळं. पोहे यायच्या आधीच ती बैठकीतून उठायची, "जरा हात धुते" म्हणायची आणि सरळ मागच्या दारी जायची. मोरी, रांजण, ओटा, खरकटी भांडी, एवढं नजरेखालून घातलं की निकाल झालेला असायचा. तो मात्र तिथं बोलायचा नाही. ज्याच्या घरचा चहा प्यायला त्याच्याच घरात बसून त्याची खोड काढायची नाही, हा तिचा कायदा. गाडी वेशीबाहेर पडली की मगच तोंड उघडायचं. एक तर "द्या पोरगी, डोळे झाकून द्या," नाहीतर नुसतं "नाय." त्या "नाय"पुढं कुणाचं काही चालायचं नाही.

अशा बाईपुढं विशाखानं आपला अख्खा हिवाळा नेऊन ठेवला.

विशाखा म्हणजे केसरबाईच्या धाकट्या भावाची, बन्सीची एकुलती एक पोर. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून आत्यानंच वाढवली. आत्याला ना मूल ना बाळ. दौलताबाद रोडला लागून तिची पिठाची गिरणी, आणि गिरणीमागं हे तिघं राहायचे. पोरगी शिकली, इंजिनिअर झाली, शेंद्र्याला कंपनीत लागली. सगळं कसं सरळ चाललं होतं. पण एका सुट्टीत मैत्रिणींबरोबर काश्मीर बघायला म्हणून गेली आणि पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत खाली यायचं खूळ घेऊन परत आली. त्याला स्कीइंग म्हणतात म्हणे. पुढच्या दोन्ही हिवाळ्यांत सुट्ट्या साठवून ती गुलमर्गला जाऊन शिकून आली.

"घसरायला शाळा लागती व्हय?" केसरबाईनं तेव्हा विचारलं होतं. "आम्ही तर फुकटात घसरायचो, वर आईचा मार खायचो."

यंदाचं प्रकरण मात्र थोडक्यात उरकणारं नव्हतं. तिथल्या सरांनी विशाखाला सांगितलं होतं, दाबून सपाट केलेल्या उतारावर तुला आता छान येतं, पण ताजा, खोल, भुसभुशीत बर्फ हे वेगळंच काम आहे. तो कधी पडेल सांगता येत नाही. पडला की त्याच सकाळी तिथं असावं लागतं. एक पूर्ण हिवाळा तिथं राहून काढ, तरच शिकवणाऱ्यांच्या परीक्षेला बसता येईल. कंपनीनं कशीबशी मार्चपर्यंत बिनपगारी सुट्टी द्यायचं कबूल केलं. साहेबांनी बजावलं, एकदाच, पुन्हा मागायची नाही.

बन्सीनं नेहमीप्रमाणे अंग काढून घेतलं. "आक्का व्हय म्हणली तर जा," म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

मग विशाखा गिरणीत आली. संध्याकाळची वेळ, दळणं संपलेली, केसरबाई पट्टा झाडत होती. पोरीनं डब्यातलं मूठभर पीठ उचललं.

"हे बघ आत्या. असला बर्फ असतो तो. मुठीत दाबला तरी गोळा होत नाही."

"मग पाय रुतत आसंल की त्यात."

"रुततो ना! म्हणून तर शिकायचंय." आणि मग एकदम धीर करून म्हणाली, "राहायला तीन जागा बघून ठेवल्यात. तू बघ. सोयरिकीला बघतेस तशी, अगदी मागच्या दारापासून. फोनवर दिसेल सगळं. तू नाही म्हणालीस तर मी नाही जाणार. शब्द देते."

शब्द दिला, कारण तिसऱ्या जागेबद्दल तिला खात्री होती.

फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. पहिली जागा वर गुलमर्गातच, एका हॉटेलच्या मागच्या अंगाला, कामगारांच्या खोल्यांतली एक. दारातून बाहेर पडलं की बर्फ. मॅनेजर मोठा गोडबोल्या. त्यानं खिडकी दाखवली, खिडकीतून डोंगर दाखवला, परत खिडकी दाखवली.

"भैया, डोंगर हमकू बी दिखता इदरसे," केसरबाई म्हणाली, आणि तिला घरातून देवगिरीचा किल्ला खरंच दिसायचा. "न्हानी किदर है?"

मॅनेजर हसला, खाली आहे म्हणाला, बाकीच्यांबरोबर आहे म्हणाला, पण दाखवली नाही. फोन ठेवल्यावर केसरबाईनं नुसतं नाक मुरडलं. तेवढ्यात कळलं.

दुसरी जागा मनालीच्या बाजूला. नवा कोरा फ्लॅट, चकाचक ओटा, गिझर, गाद्या. दाखवणारा दलाल होता, मालक दिल्लीत. किल्ली कुंडीखाली ठेवणार म्हणाला.

"आन् पोरगी आजारी पडली तर कपाळाला हात कोण लावणार? कुंडी?" केसरबाई म्हणाली. ही गेली.

तिसरी जागा टंगमर्गला. टंगमर्ग म्हणजे गुलमर्गच्या घाटाखालचं गाव. बर्फ फार पडला की घाटातला रस्ता बंद पडायची भीती; नेमकं त्याच दिवशी वर पोचायला हवं, म्हणून स्कीवाले तिथं राहायला कां-कूं करतात. पण या घरच्या मालकिणीच्या दिराची चाकांना साखळ्या लावलेली गाडी रोज पहाटे कामगारांना घेऊन सगळ्यांत आधी वर जायची. घर शमीमाचं. साठीला टेकलेली बाई, डोक्यावरून ओढणी, गालावर थंडीची लाली. नमस्कार-चमत्कार झाले, आणि केसरबाईनं मागचं दार मागायच्या आत शमीमाच म्हणाली, "आइए बहनजी, पहले बावर्चीख़ाना देखिए."

केसरबाई खुर्ची पुढं ओढून बसली. स्वयंपाकघरात वाळवलेल्या वांग्यांच्या अन् टोमॅटोच्या माळा टांगलेल्या. "अगं माय, आपल्या सांडग्यांवाणीच की!" भांडी लखलखीत. खालून जाळ घालून जमीन तापवलेली एक खोली होती. तिथं सगळं घर बसायचं, विशाखाची गादीही तिथंच भिंतीशी पडणार होती. शमीमानं जाडजूड रजई उचलून दाखवली, उलटी करूनही दाखवली. केसरबाई खुलली. दोघी आपापल्या हिंदीत लोणच्याबद्दल इतक्या बोलल्या की विशाखाला वाटलं, आता या दोघी मिळून मलाच बाहेर काढतील. जमलं, तिच्या मनात आलं. जमलंच.

मग शमीमा मागच्या अंगणात गेली. कोपऱ्यात नळ होता. नळाला बारीक धार लागलेली होती. खाली बादली नाही, भांडं नाही. पाणी सरळ नाल्यात चाललेलं.

केसरबाई बोलता बोलता थांबली. वाट बघू लागली. आता ही बाई हात लांबवील, आता बंद करील. शमीमा नळाशेजारी उभी राहून अक्रोडाचं झाड दाखवत होती, धाकट्या मुलाचं लग्न सांगत होती. धार चालू. तिची सून आली, नळावरून हात पुढं करून वाळत घातलेला टॉवेल घेऊन गेली. धार चालूच.

"शुक्रवारपर्यंत सांगा," शमीमा हिंदीत म्हणाली, "आणखी एक-दोघं विचारतायत, पण मला ही मुलगी आवडली."

"हौ, हौ. सलाम," केसरबाई म्हणाली. फोन बंद झाला. ती उठली, गिरणीचं शटर अर्धं ओढलं.

"नाय," ती म्हणाली. "त्या घरात नाय."

विशाखाला आधी थट्टाच वाटली. "का? आत्ता तर लोणच्याची फोड मागत होतीस!"

"नळ बघितला न्हाईस? घरात चार माणसं, पानी वाहतंय, अन् एकालाबी उठावं वाटंना. ज्यांना पाण्याची किंमत नाय त्यांना माणसाची काय आसणार?"

आता हे कुणा दुसऱ्याला क्षुल्लक वाटेल. केसरबाईच्या आजीला गावच्या विहिरीला हात लावायची मनाई होती; कुणी दया येऊन वरून ओतलं तर ओंजळ भरायची. आईनं टँकरमागं पळत हंडे भरले. आणि केसरबाईच्या स्वतःच्या दारात नळ आला, पण त्याला पाणी आठ-आठ दिवसांनी, तेही त्याच्या मर्जीनं. ड्रम, पिंप, कळशी, शेवटी डाळीचं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं. कुठं थेंब गळायचा आवाज आला तर या बाईला झोप लागायची नाही. शेजारचा नळ गळत असला तरी उठून त्यांची कडी वाजवायची. लहानपणी विशाखा तोंड धुताना नळ उघडा ठेवायची, तेव्हा मनगटावर चापटी बसायची. पुढं पुढं चापटीची गरज राहिली नाही. पोरीचा हात आपोआप नळाकडं जायचा.

"एका नळापायी?" विशाखाचा आवाज चढला. "काहीतरी कारण असेल."

"मग इचार की."

"काय विचारू? तुमचं घर माझ्या आत्याच्या पसंतीला उतरलं नाही, जरा नळाचा खुलासा करा, असं? काय वाटेल त्यांना!" ती थांबली. मग हळू म्हणाली, "आणि विचारून उपयोग काय? नळ नसता तर तुला दार खटकलं असतं. तुला घर नकोय असं नाही, आत्या. तुला माझं जाणं नकोय."

केसरबाईनं झाडलेलाच पट्टा पुन्हा झाडायला घेतला. कारण शटर ओढताना तिला बरं वाटलं होतं. नळ दिसला तेव्हा राग आला होता, खरा राग आला होता. पण त्याच्या पाठोपाठ छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही झालं होतं, आणि ते तिचं तिला ठाऊक होतं.

विशाखा शब्दाची पक्की. भांडली नाही, रडली नाही, जेवण टाकलं नाही. जाड हातमोजे, चष्मा, कानटोपी सगळं एका पिशवीत भरून कपाटावर टाकलं. शुक्रवारी शमीमाला आणि साहेबांना दोघांनाही नाही कळवून टाकते, एवढंच म्हणाली. ती नेहमीसारखी कंपनीच्या बसला जात होती, नेहमीसारखी परत येत होती. तेच केसरबाईला सहन होईना. आदळआपट केली असती तर दोन शब्द सुनावता आले असते. शब्द पाळणाऱ्या माणसावर चिडायचं तरी कसं?

गुरुवारी सकाळी नानासाहेब बाजरी घेऊन आले. मागच्या गल्लीतले, फौजेतून निवृत्त झालेले, बोलघेवडे गृहस्थ.

"जय भीम, केसरबाई. आज गिरणीपेक्षा तुमचाच आवाज जास्त येतोय."

त्यांना तेवढंच पाहिजे होतं, आणि हिलाही. केसरबाईनं बाजरी ओतता ओतता त्या टंगमर्गच्या घराचा सगळा पाढा वाचला. कसलं घर, कसल्या रजया, आणि एवढी गुणाची बाई, पण नळ उघडा टाकून खुशाल झाडं दाखवती.

नानासाहेब हसायला लागले. इतके हसले की टोपी पिठात पडली.

"अहो, तो उघडाच ठेवावा लागतो! काश्मीरला होतो तेव्हा आमच्या छावणीत तर त्यासाठी ड्युटी लागायची. तिकडं नळ बंद केला की आतलं पाणी गोठतं. गोठलं की फुगतं आणि पाईप फुटतो. मग बसा पुढचा महिनाभर बर्फ वितळवत. वाहतं पाणी गोठत नाही, म्हणून बारीक धार सोडायची. आळशी घरातला नळ तिकडं बंद सापडेल, केसरबाई. तुमची ती बाई शहाणी आहे."

बाजरी संपली, गिरणी रिकामी फिरायला लागली. नानासाहेबांनी खूण केली तेव्हा केसरबाईनं बटण दाबलं.

त्या दिवशी तिचं कशात लक्ष लागेना. एकाच्या ज्वारीत दुसऱ्याचे गहू ओतता ओतता राहिली. नानासाहेबांना आता हे आठवणारही नाही. विशाखा त्यांच्याकडं जात नाही. उद्या शुक्रवार. नुसतं गप्प बसायचं, बस्स. पोरगी घरी राहील, बसनं जाईल, बसनं येईल, संध्याकाळी समोर बसून भाकरी खाईल. कुणावर अन्याय केला असंही होणार नाही, कारण तेव्हा तर खरंच ठाऊक नव्हतं. केसरबाईनं स्वतःला हे पुन्हा पुन्हा समजावलं आणि दर वेळी तिला मागच्या अंगणात उभी असलेली शमीमा दिसली. कुणाच्या घराला तिनं आजवर खोटा बट्टा लावला नव्हता. तिच्या एका शब्दावर लोक लेकी देत होते, ते उगीच नव्हे.

संध्याकाळी विशाखानं भाकरी मोडली आणि विचारलं, "आत्या, जेवत का नाहीस?"

"जेवते. फोन लाव आधी."

"कुणाला?"

"त्या शमीमाबाईला. म्या चुकले." बन्सीनं पेपर खाली ठेवला. आक्काच्या तोंडून हे शब्द त्यानं कधी ऐकले नव्हते. "नळ बंद केला तर पाईप फुटतो तिकडं. नानासाहेब म्हणले सकाळी. सकाळपासून ठाऊक हाय मला, अन् गप बसले होते. आता काय इचारू नको, लाव."

विशाखानं भाकरी तशीच टाकली आणि फोन ओढला. घाईत नंबर मात्र दोनदा चुकला.

शमीमा दिसताच केसरबाईनं आपला कायदा मोडला. "बहनजी, माफ करो. तुमारा नल चालू था, मैं बोली ये औरत पानी वाया घालती. हमारे यहाँ पानी आठ-आठ दिन नहीं आता ना. मेरेकू मालूम नहीं था."

शमीमानं मागच्या दाराकडं वळून पाहिलं. मग शमीमा तोंडावर ओढणी धरून हसली. तिनं सांगितलं, की तिचीही एक काळजी होती, पण पहिल्याच बोलण्यात कसं काढायचं म्हणून ती गप्प राहिली. मागच्या वर्षी एक मुलगा राहायला होता, फार सालस. पाणी वाचवावं म्हणून त्यानं नळ बंद केला आणि बिचाऱ्यानं घरभरचे पाईप फोडले. "आपकी बच्ची बंद तो नहीं करेगी?"

केसरबाईनं विशाखाकडं पाहिलं. ही पोर तर झोपेतसुद्धा नळ बंद करील. आपणच तशी केली तिला.

"नक्को फिकर करो," ती म्हणाली. "मैं सिखाके भेजती."

आणि सुरू झाली शिकवणी. मोरीतला नळ केसरबाईनं भरून ठेवलेल्या टाकीला जोडून घेतला, बारीक धार सोडली, खाली बादली लावली. बादली लावल्याशिवाय तिला श्वासच घेता आला नसता. विशाखा कंपनीतून यायची, हातपाय धुवायची आणि नळ बंद करून बाहेर यायची.

"केलास बंद! फुटला पाईप!" आत्या स्वयंपाकघरातून ओरडायची. "जा, सोड धार."

"आई शप्पथ, लक्षातच नाही राहिलं."

"तिकडं लक्षात राहायला कोण येनार हाय तुझ्यामागं? जा."

बन्सी दारात उभा राहून बघायचा. "आक्का, तब्येत बरी हाय ना तुझी?" तो म्हणायचा, आणि भरलेली बादली मुकाट उचलून ड्रममध्ये रिकामी करून आणायचा. जायच्या आदल्या दिवशी विशाखा हात धुवून बाहेर आली, आणि आत धार चालू राहिली. केसरबाईनं कान देऊन ऐकलं. शिकली पोरगी. मग ती उगाचच पोरीसोबत द्यायच्या येसराचा, आमटीच्या मसाला-पिठाचा, डबा पुन्हा उघडून पुन्हा घट्ट लावत बसली, कारण डोळे भरून आले होते आणि डब्याशिवाय हातात काही नव्हतं.

विशाखा गेली. घर रिकामं झालं, हे लपवण्यात अर्थ नाही. केसरबाईनं मोरीतला नळ पहिल्यासारखा बंद केला, आणि घर आणखीच गप्प झालं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, गिरणी बंद व्हायच्या वेळेला फोन आला. रस्त्यात बर्फ होता, पोचायला उशीर झाला, शमीमाआपानं दारातच गरम चहा दिला, गादी भिंतीशीच आहे, आणि आज रात्रभर बर्फ पडणार आहे, आत्या, पिठासारखा, उद्या सकाळी पहिल्या गाडीनं वर जायचंय. विशाखा एका दमात बोलत होती. इतकी आनंदात ती केसरबाईला कधी आठवतच नव्हती.

"नळ?" केसरबाईनं विचारलं.

"थांब. ऐक." पलीकडं दार वाजलं, पावलं वाजली. मग फोनमधून पाण्याचा आवाज यायला लागला. बारीक, एकसारखा. "ऐकू येतंय? मी फोन इथं आत खिडकीशी ठेवते आणि जेवून येते. तू ऐकत बस."

केसरबाई दळणाच्या पोत्यावर बसली, फोन कानाशी धरला आणि पाठ भिंतीला टेकली. धार चालू होती. कुणी बंद करत नव्हतं. पोरीच्या घरात सगळं ठीक होतं.

थोड्या वेळानं बन्सी जेवायला बोलवायला आला. बहिणीची मान एका बाजूला कलली होती, डोळे मिटले होते, आणि खांद्यावरच्या फोनमधून पाण्याचा आवाज येत होता. झोपली म्हणून त्यानं हळूच बोट पुढं केलं.

"राहू दे," केसरबाई डोळे न उघडता म्हणाली. "बंद केलास तर झोप मोडंल माझी."